इंजनावरची झोळी आन् नानाजीची शिट्टी

माही पोट्टी वर चालली होती. मी खाली जमिनीवर उभी, पोट्टी झोळीत, झोळी त्या इंजनाच्या चाकाले बांधलेली, आन् चाक फिरून राह्यलं! जे चाक ब्रह्मदेव आला तरी हलत नाही असं नानाजी रोज सांगत, ते माह्या डोळ्यादेखत हललं, आन् लोक टाळ्या वाजवून राह्यले. सभापती तर उभं राहून वाजवून राह्यले. मी वरडली, "अवो, माही पोट्टी हाय त्याच्यात!" पन बँडवाल्यानं त्याच टायमाले ढोल बडवला, माहा आवाज मलेच आयकू आला नाही. आन् नानाजी? काळा कोट, गळ्यात शिट्टी, दोन्ही हात वर. जसं काही ते चाक त्याइनंच जन्माले घातलं.

थांबा. हे सांगताना मले अजूनही दम लागते. आधी नानाजी कोन ते सांगते, नाहीतर तुमाले वाटन ही बाई कोनावर येवढी चिडून राह्यली. मी चवथीलोक शाळा शिकली, देऊळघाटले माहेर, तिथून इकडे सातपुड्याच्या बाजूले लगन होऊन आली. बोलते तसंच सांगून राह्यली, चुकलं तर हासू नोका.

आमच्या गावात जिनिंग होती, कापसातली सरकी काढाचा कारखाना. इंग्रजाच्या वक्ताचं वाफेचं इंजन होतं तिथं. इंजन म्हंजे रेल्वेचं नाही बरं, एका जाग्यावर बसलेलं, घरायेवढं. त्याचं चाक येवढं का मानसाच्या खांद्यावर मानूस उभा केला तरी वरतून उरन, आन् खालचा भाग जमिनीतल्या खड्ड्यात. मंग बिजली आली, इंजन बंद पडलं, पुढं जिनिंगही बसली. मालक निघून गेला, यंत्रं इकल्या गेले, इंजन तेवढं राह्यलं, काऊन का ते उचलाची कोनाची छातीच झाली नाही. महाराष्ट्र झाल्यावर गावातल्या मोठ्या लोकाइनं त्या टिनाच्या शेडीले रंग मारला आन् पाटी लावली, 'वस्तुसंग्रहालय'. आमी म्हनो अजबखाना. त्याच्यात वस्तू एकच, इंजन. दुसरी वस्तू नानाजी.

नानाजी जिनिंगमधी टाइमकीपर होते. इंजनाले त्याइनं जन्मात बोट लावलं नव्हतं. कोळसा टाकनारे येगळे, तेल देनारे येगळे. नानाजी गेटावर खुर्ची टाकून बसत, खिशातली घडी पाहत आन् भोंग्याची साखळी ओढत. तेवढंच काम. पन अजबखाना झाल्यापासून बोलनं कसं, "आम्ही शंभर घोड्यांचं काम करत होतो." आम्ही म्हंजे ते आन् इंजन. माही सासू त्या जिनिंगच्या यंत्रावर कापूस टाकता टाकता म्हातारी झाली, ते आयकलं का ती म्हने, "घोडे कोन होते ते आमाले इचार ना."

सासूनंच मले घडीची गोष्ट सांगितली. एकडाव नानाजीची घडी रात्री बंद पडली आन् सकाळी हलवल्यावर पुन्हा चालू झाली. त्याइले पत्ताच नाही. ते घडीनुसार भोंगा वाजवत राह्यले. दुपार कलली, बायाइच्या पोटात कावळे वरडून राह्यले, तरी जेवाचा भोंगा नाही. बाया गेटावर गेल्या. म्हने, नानाजी, सूर्य पाहा ना कुठी गेला. नानाजीनं घडी पाह्यली, मंग वर सूर्याकडे पाह्यलं, मंग पुन्हा घडी पाह्यली, आन् म्हनाले, "आज तो पुढे गेला आहे." आन् बाया वापस कामावर! पुढं कितीक दिवस कोनी उशिरा आलं का बाया म्हनत, आज सूर्य पुढं गेला होता जी.

भोंगा गेला तवा नानाजीनं शिट्टी घेतली, पितळेची, काळ्या दोरीत. घरीही वाजवत. त्याइची बायको, आमी काकू म्हनो, बिचारी सरळ होती. विहिरीवर सांगे, "एक शिट्टी म्हंजे ताट वाढाचं. दोन म्हंजे पोळी थंडी हाय." कोनी इचारलं, "तुमी काय वाजवता काकू?" तर म्हने, "मी भांडे वाजवते. पन ते त्याइले आयकू येत नाही."

आन् त्याइचा एक शबुद होता. "लांबून!"

अजबखान्यात इंजनाच्या चहूकडून त्याइनं चुन्याची रेघ मारली होती. पाहाले कोनी आलं का आधी चप्पल बाहेर, मंग हात मांगं, मंग "लांबून!" शाळेचे पोट्टे आले तरी लांबून, तहसीलदाराची बायको आली तरी लांबून. काऊन जी? तर म्हने, "स्पर्शाने लोखंड गंजते. त्यात बायकांच्या हाताला घाम फार." माही सासू मांगंच उभी होती. तिचे हात तिनं पदराखाली घेतले. जलमभर त्याच हातानं त्या जिनिंगचं पोट भरलं होतं, तवा नाही गंजलं.

खंडेनवमीची गंमत तर मी सोता पाह्यली. जिनिंग चालू होती तवा नवमीले समद्या बाया यंत्राले हळदकुंकू लावत, नारळ फोडत. जिनिंग गेली तरी बायाइची सवय गेली नाही. त्या दिवशी सासू आन् जुन्या बाया ताट घेऊन अजबखान्यात गेल्या, मीही मांगं मांगं गेली, पोटुशी होती तवा. नानाजी रेघेच्या आत.

"ताट इथे ठेवा. पूजा आम्ही करू. तुम्ही लांबून!"

त्याइनं नारळ घेतले, फोडले, इंजनाले पानी शिंपडलं, आन् खोबरं समदं आपल्या पिशवीत. सासूनं म्हटलं, "कुंकू तरी लावू द्या." "लांबून लावा," नानाजी म्हनाले, आन् आपल्याच बोलन्यावर खुश होऊन हासले. सासूनं मूठ भरली आन् रेघेवरूनच फेकलं. इंजनाले चिमूटभर लागलं असन, बाकी समदं नानाजीच्या मिशीले, चष्म्याले, कोटाले. सासू हात जोडून म्हने, "लांबून होतं जी, नेम चुकला." काकू सांगे, कोट धुतला तरी लाल डाग राह्यलाच, नानाजी त्याच्यावर रुमाल ठिवत.

मंग ती शिट्टीची भानगड. आमच्या गल्लीत सदा हाय, त्याची विहीर, मोटीचे बैल. उन्हाळ्यात लोकाइले दिसे का नानाजी सदाच्या विहिरीवर दगडावर बसून बैलाइले शिट्टी वाजवून दाखोते. शिट्टी वाजली का सदा बैल हाके, बैल मोटीचा जाड दोर, नाडा, ओढत चालत. पुन्हा शिट्टी, पुन्हा चाल. रोज. पुढं पुढं तर सदानं तोंड उघडाच्या आधीच बैल शिट्टीवर निघत. गावानं ठरवलं का नानाजीचं डोस्कं फिरलं, जिनिंग गेली म्हनून आता बैलाइची हजेरी घेऊन राह्यले. सदाले इचारलं तर तो हासे फक्त. त्याले सांगाची मनाई होती.

त्याच दिवसात नानाजी दुपारी अजबखान्याचं दार आतून लावून घेत. आतून घासलेटचा वास ये. सासू म्हने, "म्हातारा इंजनाले आंघोळ घालून राह्यला का काय?"

आता आयका. बुलडान्याहून सभापती येनार होते अजबखाना पाहाले. नानाजीनं मले आन् सासूले शेड सारवाले बोलावलं. मंदी, माही पोट्टी, तवा नुकतीच बसाले लागली होती, दूध सुटलं नव्हतं, तिले ठिवू कोनापाशी? घेऊन गेली. वावरात आमी काय करतो, बाभळीले नाहीतर बैलगाडीच्या खाली लुगड्याची झोळी बांधतो आन् लेकरू टाकून कामाले लागतो. लेकरू झोपते, आपून तन निंदते. तठी झाड नाही, वरचं आढं हाताले पुरत नाही. चाकाचे लोखंडी आरे मातर छातीबरोबर. जाड, गुळगुळीत, थंडगार. चाकाले एक मोठा नाडा गुंडाळलेला होता, त्याचं टोक मांगच्या खिडकीतून बाहेर गेलतं.

मी इचारलं. तुमाले शपथ सांगते, मी इचारलं होतं.

"नानाजी, हा नाडा काहाले जी?"

"शोभेला. बायकांनी यंत्राविषयी प्रश्न करू नयेत."

"आन् हे चाक फिरते काय?"

त्याइनं माह्याकडे असं पाह्यलं जसं मी पागल हाय. "अगं, ब्रह्मदेव आला तरी हलणार नाही. जाम आहे ते. कायमचं."

येवढं सांगून ते बाहेर मंडप पाहाले गेले. मी झोळी बांधली, पक्क्या गाठी मारल्या, मंदीले टाकलं. ती दोन हेलकाव्यात झोपली. आमी सारवलं. शेवटची बालटी फेकून हात धुवाले मी आन् सासू मांगं हौदावर गेलो, तर तिकडून जीपचा आवाज! सभापती टायमाच्या आधीच आले. नानाजी धावत आले, आत न पाहताच इंजनाच्या पुढचा पडदा ओढला, लोकाइच्या पुढं आडवी दोरी बांधली, लोकाइले बसवलं. मी शेनाच्या हातानंच मांगच्या दारातून आत घुसली, तर नानाजी आडवे.

"कुठे? कुठे?"

"नानाजी, माही पोट्टी..."

"आता नाही! साहेब आलेत!"

"अवो आत हाय ते, झोळीत..."

"लांबून! शिस्त म्हणून काही असते!"

दाराशी त्याइनं हात आडवा धरला. बाहेर येवढे मोठे लोक, पांढरे कपडे, टोप्या. माह्या अंगाले शेन. मी हात पदराले पुसत दाराशीच थांबली. मले वाटलं, झोपली हाय, झोपू दे, भाषन झालं का काढू. चाक जाम हाय ना. कायमचं.

मंग नानाजीनं भाषन केलं. हे इंजन जहाजातून कसं आलं, टेशनापासून गावापरेंत कितीक बैलजोड्या लागल्या, इंग्रज साहेबानं टोपी कशी काढली. हातवारे असे का साहेबाची टोपी आमाले दिसली. बोलता बोलता आवाज बारीक केला आन् म्हनाले, "लोक म्हणतात हे मेलेलं आहे. साहेब, आपला हात लागेल आणि हे जिवंत होईल!" सभापतीनं पडद्याची दोरी ओढली. नानाजीनं शिट्टी वाजवली.

शेडीच्या मांगं सदानं आता बैल आनून उभे केलते. मोटीचा नाडा मानंवर. मले दारातून दिसले. शिट्टी वाजली आन् ते निघाले. नाडा तानला. चाक कुरकुरलं, आन् फिरलं.

इंग्रजाचं इंजन, आन् आत वाफ नाही, मोटीचे बैल! चाकाचा गंज सुटावा म्हनून दिवसचे दिवस घासलेट, बैल शिकावे म्हनून विहिरीवर शिट्ट्या. मले त्या घडीले हे समदं एकदम समजलं, आन् काहीच समजलं नाही, काऊन का मंदीची झोळी वर निघाली होती.

लोकाइनं टाळ्या वाजवल्या ते सांगितलंच. नानाजीनं आधी लोकाइकडे पाह्यलं, मान वाकवली, मंग मोठ्या कौतुकानं चाकाकडे वळले. आन् त्याइले झोळी दिसली. झोळीतून मंदीचा पाय बाहेर आलता.

त्याइचं तोंड चुन्यासारखं झालं. जलमभर त्याइनं शिट्टी वाजवली का जग चाले, शिट्टी वाजवली का जग थांबे. त्याइनं चाक थांबवाले शिट्टी वाजवली.

बैलाइनं जोर केला.

चाक आनखी जोरात. नानाजीनं आनखी लांब शिट्टी वाजवली. बैल आनखी! सदा तिकडे मांगं, त्याले आत काय चाललं ते काय दिसते? त्याले वाटलं साहेब खुश झाले, आनखी मांगून राह्यले. नानाजीचे गाल फुगले, डोळे बाहेर आले, आन् त्याइची पुस्तकातली मराठी कुठी पळाली देव जाने, शिट्टी काढून वरडले, "अबे थांब ना बे! थांब ना रे बाप्पा!" इंजनाले म्हनून राह्यले, इंजनाले! आन् पुन्हा शिट्टी तोंडात.

मंदी शेंड्यावर पोचली. आता दुसऱ्या बाजूनं खाली येनार. खाली काय हाय? खड्डा. चाक आन् दगडी भिंत, मधात हात जाईन येवढीच जागा.

मी दोरी ओलांडली का तोडली, मले आठवत नाही. चुन्याच्या रेघेवर शेनाचे पाय उमटले येवढं मंग दिसलं. "शिट्टी बंद करा!" मी म्हटलं. नानाजी, काय सांगू तुमाले, त्या टायमालेही एक हात माह्याकडे करून म्हनाले, "लांबून!" आन् पुन्हा फुंकाले गाल फुगवले. मी झडप मारली. शिट्टी त्याइच्या दातातून ओढली, दोरी तटकन तुटली. बैल थांबले. पन चाक काय थांबते? येवढं लोखंड एकदा निघालं का आपल्याच गुर्मीत जाते. मी पलीकडे धावली, खड्ड्याच्या काठावर पालथी झाली, मांगून सासूनं माह्या कमरेचं लुगडं दोन्ही मुठीत धरलं. "घे वो! घे सूनबाई, घे!" झोळी खाली आली, मी दोन्ही हात आत घातले आन् मंदीले ओढून घेतलं, जसं लेकरू पयल्यांदा घेतात तसं, वलं, गरम, वरडनारं.

रिकामी झोळी खड्ड्यात गेली. वर आली तवा तिची चिंधी झाली होती, काळी. मी ते पाह्यलं. मी ते अजून पाहून राह्यली.

आता तुमाले वाटन सभापती धावत आले, नानाजी पायावर पडले. नाही. सभापती माईकपाशी गेले. त्याइचे डोळे वले झालते. म्हनाले, "धन्य कल्पना! आपला महाराष्ट्र आज पाळण्यातलं बाळ आहे. यंत्र त्याला जोजवतं, आणि शेवटी माता त्याला कुशीत घेते! हे कोणाला सुचलं?"

नानाजी तसेच उभे. गाल अजून फुंकल्यासारखेच. त्याइनं माह्याकडे पाह्यलं. मंदी माह्या छातीले लागून हुंदके देऊन राह्यली. त्याइनं कोटावरचा लाल डाग रुमालानं झाकला आन् म्हनाले, "साहेब, कल्पना माझीच."

हार पडला त्याइच्या गळ्यात. जिथं शिट्टी होती तिथं.

घरी आल्यावर माही मूठ उघडली, तर शिट्टी माह्या हातातच होती. नानाजी कधी मांगाले आले नाहीत. कसे येनार? मंदीले दात येऊन राह्यले होते, ती शिट्टीच चावत बसे.

पुढच्या साली, मंदी दुडुदुडु चालाले लागली तवा, मी आन् सासू अंगन सारवून राह्यलो होतो. सदाची गाडी दाराशी थांबली. सदा पानी प्याले शेजारी गेला आन् गाडीतून नानाजी उतरले. कोट तोच. बारीक झालते, गळा मोकळा. अंगनात पाय ठिवनार तर सासू वरडली, "लांबून, नानाजी, लांबून! वलं हाय."

नानाजी बाहेरच उभे राह्यले. हातात कागदात गुंडाळलेलं लेकराचं नवं टोपडं.

"बाई, सभापती पुन्हा येताहेत. त्यांनी निरोप धाडला आहे, तो पाळणा पुन्हा ठेवा. यावेळी अगदी हळू फिरवू. सदाला समजावलं आहे." मी सारवतच राह्यली. तवा त्याइचा आवाज पडला. "नाही म्हटलं तर ते इंजन भंगारात देतील वो. तोडून नेतील. मी कुठे जाऊ मंग?"

त्याइनं 'मंग' म्हटलं. मले एक घडी कसंतरीच झालं. म्हातारा जलमभर त्या लोखंडाच्या लांब उभा राह्यला, आन् आता त्याच्याशिवाय त्याले कोनी नव्हतं. मी म्हटलं, "नानाजी, लेकराच्या जागी भोपळा ठिवा ना."

"भोपळा रडत नाही," नानाजी म्हनाले. खरंच इचार करून म्हनाले.

माह्या मनातली कीव तठीच मेली.

आन् त्याच घडीले मंदी घरातून निघाली, तोंडात शिट्टी. तोवर तिले वाजवता येत नव्हती, नुसती लाळ गाळे. त्या दिवशी काय झालं देव जाने. फुर्रर्र!

सदाचे बैल निघाले.

रिकामी गाडी खडखडत गल्लीतून चालली, गाडीत नानाजीची छत्री, पिशवी, आन् सदाचा पत्ता नाही. नानाजीनं टोपडं फेकलं आन् कोटाचे पल्ले उडवत मांगं धावले. "अबे थांबा! थांबा ना बे!" गल्लीच्या वळनावर बैल जरासे थबकले. नानाजी गाडीच्या दांडीले हात लावनार, येवढंच अंतर राह्यलं. मंदीले भल्ली मजा आलती. तिनं माह्याकडे पाह्यलं, गाल फुगवले, आन् शिट्टी पुन्हा तोंडाले लावली.

माहा हात तिच्यापरेंत पुरत होता. सासू केरसुनी धरून माह्याकडेच पाहून राह्यली होती. सांगा ना, तुमी असत्या माह्या जागी, तर काढून घेतली असती काय तिच्या हातातून शिट्टी?